काळ्या मासोळ्या आणि एक डबा समुद्र

काकू, या मुलखात मला टिकवलं ते तुम्ही. हे आधी लिहून ठेवतो, बाकीचं मागून. काम कापसाच्या जिनातल्या मुकादमानं दिलं आणि अंगणातली खोली तुमच्या यजमानांनी, महाराजांनी दिली, ते खरं. पण काम आणि खोली दोन्ही असून माणूस पळून जातो, आणि मी पळायच्या बेतात होतो. तुम्ही थांबवलंत. समजूत घालून नव्हे, समजूत घालणं तुमच्या स्वभावातच नव्हतं. तुम्ही मला तुमच्या गोठ्यामागे सुका बांगडा भाजू दिलात. भिक्षुकाच्या घरात. त्या बांगड्यावर मी इतकी वर्षं इथे काढली.

तुमची बातमी मला ट्रकवाल्याकडून कळली. बाळापूरच्या जिनात मी पट्टा चढवत होतो. अमरावतीकडून आलेला ट्रक, चालवणारा आपल्या भातकुलीचाच. खाली उतरून म्हणाला, "काहून गा दत्ता, तू आला नाई? तुया काकूचं तेरावंबी झालं." आणि लगेच, "इथं चहा कुठी भेटते?" मी त्याला चहाचं दुकान दाखवलं. पट्टा चढवला, मशीन चालू करून पाहिलं, मग मुकादमाकडे सुट्टी मागितली.

एस्टीत बसल्यावर पहिला विचार आला तो तुमचा नव्हे, तुमच्या काचपेटीतल्या मासोळ्यांचा. त्यांना खायला कोण घालत असेल? पाणी कोण बदलत असेल? माघाची थंडी, पेटीवर गोधडी कोण टाकत असेल? अकोल्याला गाडी बदलली तरी तेच. तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हालाही आधी हेच सुचलं असतं, म्हणून मी मनाला आवरलं नाही. सुतकाच्या घरात मासोळीची आठवण कोणाला होणार, आणि तुमच्या हातची ती एवढीच गोष्ट जिवंत उरलेली. भातकुली येईपर्यंत मी त्या सगळ्या मेल्या असं धरूनच चाललो होतो. मला घोर लागल्याशिवाय जेवण पचत नाही, असं तुम्ही म्हणायचात.

आणे जाऊन नवे पैसे आले त्या वर्षी मी प्रथम आलो. पाचवीतून शाळा सुटलेली, हातात फिटरचं थोडंबहुत काम, आणि घर समुद्रकाठी, इतकं लांब की पत्ता सांगितला तर भातकुलीत कोणाला खरा वाटत नसे. महाराज ओसरीवर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं:

"मासोया खाते का तू?"

"खातो."

"इथं?"

"नाय."

झालं, खोली मिळाली. तुम्ही आतून तांब्याभर पाणी आणून पायरीवर ठेवलंत. मी प्यालो, ते गोडं होतं. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. भातकुलीच्या घरात पाणी दोन जातींचं, हे पुढे कळलं. अंगणातल्या विहिरीचं खारं, ते धुण्याभांड्याला. गोडं लांबच्या विहिरीवरून बैलगाडीतल्या टाकीतून यायचं, ते देवाला, पिण्याला आणि पाहुण्याला. आल्या दिवशी तुम्ही मला पाहुण्यातलं पाणी दिलंत. मी मात्र संध्याकाळी हातपाय धुताना विहिरीच्या पाण्याची चूळ भरली आणि गिळून टाकली. आमच्या खाडीच्या तोंडाशी विहीर आहे, तिची चव अशीच. तुम्ही दारातून पाहिलंत आणि महाराजांना सांगितलंत, "पोरगं येडं हाय वाटते. खारं पिऊन राह्यलं."

जेवायला मी ओसरीखालच्या पायरीवर बसायचो आणि ताट घासून पालथं घालायचो. तेव्हा तसंच होतं. त्यात तुम्ही मला कमी काही दिलं नाहीत. पोळी, वरण, वर तूप, सणाला पुरण. चांगलंचुंगलं होतं आणि ते माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. दिवाळी होईपर्यंत माझी विजार दोरीनं बांधायची वेळ आली. जिनातले लोक म्हणू लागले की याला काही तरी रोग आहे. मलाही तसंच वाटे. मनात रोज ट्रंक भरत होतो.

मासोळ्या आल्या त्या त्याच दिवसांत. अमरावतीला एका वकिलाच्या घरी वास्तुशांत होती. महाराजांबरोबर तुम्हीही गेला होतात. त्यांच्या दिवाणखान्यात मुंबईहून आणलेली काळ्या मासोळ्यांची काचपेटी होती, आणि तुम्ही हळदीकुंकू सोडून तिच्यासमोर बसून राहिलात म्हणे. निघताना वकीलीणबाईंनी शिध्याबरोबर एक बरणी तुमच्या हातात दिली. तांदूळ, गूळ, डाळ, आणि बरणीत चार मासोळ्या. बोटाएवढ्या, काजळासारख्या काळ्या. महाराज आल्यापासून धुसफुसत होते.

"लोकाईले दानात गाय भेटते. मले ह्या भेटल्या."

"गाईले चारा लागते," तुम्ही म्हणालात. "ह्याईले काय लागते?"

"कोण सांगन? ह्या दर्यावाल्याले इचार."

तुम्ही बरणी घेऊन माझ्या पायरीशी आलात. मी दोन्ही हातांनी बरणी धरली आणि वळवून पाहिली. काय सांगू, मला मासा ओळखता येतो तो पाटीत पडल्यावर.

"दर्यावाला म्हणवतो अन् मासोयी जगवता येत नाई?"

"आमच्याकडे मासा जगवत नाय काकू. जगला तर पळतो."

त्यावर तुम्ही पहिल्यांदा हसलात. त्या घरात माझ्या बोलण्यावर कोणी हसलं ते पहिल्यांदाच.

तुम्ही त्यांना गोड्या पाण्यात ठेवलंत. दुसरं कोणी काय केलं असतं? पाहुण्याला जे द्यायचं तेच मासोळीला. गाडीवानाकडून घागर जास्त घेतलीत, फडक्यानं गाळलंत, वर तुळशीचं पान टाकलंत. चारपाच दिवसांत मासोळ्या जागच्या जागी डुलायला लागल्या. पोहायच्या नाहीत, नुसत्या डावी-उजवीकडे, थंडी वाजल्यासारख्या. पंख अंगाला चिकटलेले. तुम्ही पाणी आणखी गोडं आणलंत. पावसाचं पाणी पत्र्यावरून धरून रांजणात जपलेलं, जे तुम्ही महाराजांनासुद्धा चार वेळा विचारल्याशिवाय देत नव्हतात, ते त्यांना घातलंत. दोन मेल्या. तुम्ही त्या तुळशीच्या आळ्यात पुरल्यात.

मग पाण्याच्या गाडीचा आस मोडला. गाव सगळं चरफडत होतं. तुमच्या घरी गोडं उरलं ते देवापुरतं आणि पिण्यापुरतं. बरणीतलं पाणी घाण झालेलं. तुम्ही विहिरीचा पोहरा काढलात आणि बरणीत ओतण्याआधी म्हणालात, "बाई वं, चार दिवस चालवून घे." मी खोलीच्या दारातून ऐकलं. एखाद्या पाहुणीची माफी मागावी तसं म्हणालात.

दुसऱ्या सकाळी त्या पोहत होत्या. पंख उघडलेले, काचेला तोंड लावून खायला मागत होत्या. तुम्ही बरणीसमोर उकिडव्या बसून किती वेळ पाहत राहिलात. महाराज दोनदा चहा मागून गेले. शेवटी तुम्ही म्हणालात, "मले वाटे, आपल्याले जे भारी ते ह्याईलेबी भारी."

मला वाटलं, विषय संपला. तुम्ही मात्र मान वळवून माझ्याकडे पाहिलंत, विजारीच्या दोरीकडे पाहिलंत.

"तुले तुया घरचं काय पायजे?"

"काय नाय काकू. सगळं बरं आहे."

"खरं सांग."

मी सांगितलं. सुका बांगडा. सांगताना मी ट्रंकेकडे पाहत होतो, कारण आता खोली सोडावी लागणार असं मी धरलं होतं. तुम्ही पदरानं हात पुसलेत.

"गोठ्यामागं तीन दगड मांड. वारा पाहून चूल पेटव. महाराज गावात नसले पायजे. अन् माया पोराईले वास गेला नाई पायजे."

पोरं म्हणजे बरणीतल्या दोघी.

घरून सुकी मासळी मागवली, ती आली, आणि मी पुढच्या पौषात विजारीची दोरी सोडली. एवढंच घडलं. आता लिहिताना ते फार लहान वाटतं. पण तुमच्या आळीत ते कोणी केलं नसतं, आणि तुम्ही त्याबद्दल नंतर एक अक्षर काढलं नाहीत. महाराज एकदा अंजनगावचं लग्न लवकर उरकून परतले तेव्हा माझ्या चुलीवर बांगडा होता. ते ओसरीवर बसले, नाक वर केलं.

"कोणाच्या तरी घरी काही तरी जयलं वाटते."

"जिनातून वास येते," तुम्ही आतून सांगितलंत.

"जिनात सरकी असते. हे सरकी नाई."

"मंग तुमीच पाहून या ना."

ते उठले नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बोलावून देवघराच्या खिडकीला आतून पाट लावायला सांगितला. वारा फार येतो, म्हणाले.

मग मी तुम्हाला पेटी करून दिली. जिनातले भंगारातले लोखंडी अँगल, खिडकीची काच आणि ती बसवायची लांबी. पहिली पेटी गळली आणि महाराजांचं सोवळं भिजलं, दुसरी टिकली. खाऱ्या पाण्यानं लोखंड गंजायचं, म्हणून दर वर्षी घरी जाण्याआधी मी तिला डांबर फासायचो. वकिलाकडून आणखी दोन मासोळ्या आल्या, त्यात एक नर. आणि मग मादीचं पोट फुगलं.

पहिल्या खेपेला तुम्ही पाहिलंत की पिल्लं अंड्यातून येत नाहीत, सरळ जन्मतात, वाकलेल्या मोहरीसारखी, आणि पडल्या पडल्या पोहतात. तुम्ही मला हाका मारल्यात. मी जिनातून येईपर्यंत त्यातलं एकही उरलं नव्हतं.

"खाल्ली," तुम्ही म्हणालात. "माय होऊन खाल्ली."

"तिला काय माहीत आपली की परकी."

"माईत नसते? मंग पोटात इतके दिस कायले वागवली?"

यावर आपलं भांडण झालं, ते कधी मिटलं नाही. तुमचं म्हणणं, तिला कळतं आणि ती तरीही खाते. माझं म्हणणं, तिला कळत नाही. मी तिची बाजू घेतो म्हणून तुम्ही दोन दिवस माझ्या ताटात तूप वाढलं नाहीत. आजही मला वाटतं माझं बरोबर होतं. पण तुम्ही पुढे जे केलंत ते तुमच्या म्हणण्यातूनच निघालं, माझ्या म्हणण्यातून काही निघालं नसतं. तिला कळतं म्हणजे तिला अडवायला हवं, असा तुमचा हिशेब. तुम्ही नैवेद्याचे तांदूळ धुवायची बांबूची रोवळी घेतलीत, सुतळीनं पेटीत अर्धी बुडेल अशी टांगलीत, आणि दिवस भरलेली मादी तिच्यात सोडलीत. पिल्लं रोवळीच्या फटींतून खाली उतरली. माय वरच राहिली. ती फटीला तोंड लावून खाली पाहायची, आणि तुम्ही तिला म्हणायचात, "पाय, पाय. नुसतं पाय."

महाराज म्हणाले, "ते नैवेद्याची रोवई हाय."

"होती," तुम्ही म्हणालात.

पिल्लं वाचली, पण वाढेनात. तुम्ही डाळ्याचं पीठ घालायचात, ते तळाला बसून सडायचं. पाणी आंबायचं, आणि सकाळी पांढरी पडलेली पिल्लं तुम्ही चमच्यानं काढायचात. मग तुम्ही रांजणात हिरवं पाणी करायला ठेवलंत, त्यात डासांच्या अळ्या झाल्या. महाराजांना हा जिता जीव खायला घालणं पटेना. ते म्हणाले, ही हिंसा तुझ्या नावावर. तुम्ही म्हणालात, "मच्छर आपल्या मर्जीनं अंडे घालते, मासोयी आपल्या मर्जीनं खाते. म्या फक्त झाकण काढलं." महाराज अर्धी दुपार पोथी उघडी ठेवून बसले. त्यांना उत्तर सापडलं नाही असं नाही. द्यावंसं वाटलं नसावं. पण अळ्या मोठ्यांना चालल्या, पिल्लांच्या तोंडात मावेनात.

सुकटीचं तुम्हालाच सुचलं. माझ्या डब्यातली सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. तुम्ही डब्याला हात लावला नाहीत, दुरून बोट दाखवलंत.

"ते कुटलं तर पीठ होते का?"

"होतं."

"मंग कूट. तुया खलात. अन् टाक. तूच टाक."

मी चिमूट टाकली. ती पाण्यावर तरंगली, सडली नाही, आणि मोहरीएवढी तोंडं वर आली. ती पिल्लं महिन्याभरात काळी झाली. पुढे पुढे चिमूटही तुम्हीच टाकायला लागलात, आधी चमच्यानं, मग बोटांनी, मग अंघोळ. काही काळानं अंघोळ आधीच होऊ लागली, चिमटीनंतरची सुटली. त्या एका रोवळीतून किती वेतं उतरली त्याचा हिशेब तुम्ही ठेवला नाहीत. अर्ध्या भातकुलीच्या रांजणांत तुमच्या मासोळ्या होत्या. बाया पोळ्याला, संक्रांतीला घागर घेऊन यायच्या, "महाराजीणबाई, एक जोडा द्या ना." तुम्ही आधी विचारायचात, "पाणी कोणतं घालशीन?" गोडं म्हणाली तर परत पाठवायचात.

आणि मग ते समुद्राचं सुरू झालं. सुकट खाऊन पिल्लं वाढली तेव्हा तुम्ही म्हणालात, "याईले समुद्राची चव लागली. आता समुद्र मांगतीन." मी हसलो. तुम्ही हसत नव्हतात.

"विहिरीचं खारं चालते, तर समुद्राचं काहून नाई चालणार?"

"समुद्राचं पाणी म्हणजे विहिरीचं नव्हे. जीभ फाटते त्यानं. मरतील."

"एकदम टाकलं तर मरतीन. गिलास गिलास टाकीन म्या. आज एक, उद्या एक. पिल्लाईपासून."

"मरतील काकू."

"तुया समुद्रात मासोया नाई राह्यत?"

"त्या वेगळ्या."

"म्हणजे तुले माईत नाई."

मला खरंच माहीत नव्हतं. समुद्रकाठी जन्मलो म्हणून समुद्र कळतो असं थोडंच आहे. पण तुमच्या पेटीतली पिल्लं मी खलात कुटलेल्या सुकटीवर वाढली होती आणि ती माझ्या हातच्या पाण्यानं मरावीत हे मला सहन होणार नव्हतं. म्हणून दर होळीनंतर जिन बंद झाल्यावर मी घरी निघालो की तुम्ही म्हणायचात, "डबाभर आण," आणि मी दारातच सांगायचो, "नाय आणणार." दसऱ्याला परत आलो की तुम्ही माझ्या सामानाकडे पाहायचात. सुकट पाहायचात, कोकम पाहायचात. डबा दिसला नाही की आत जायचात. तुम्ही समुद्र कधी पाहिला नव्हतात. एकदा मी म्हटलं, चला घेऊन जातो. तुम्ही म्हणालात, "म्या जाऊन काय करू? पाणी आण."

भातकुलीचं जिन मालकानं विकलं आणि मी बाळापूरला गेलो. तरी येणंजाणं होतं. गेल्या दिवाळीनंतर आलो होतो. तुम्ही खोकत होता, पण पेटीला गोधडी तुम्हीच गुंडाळलीत. निघताना एस्टीच्या फाट्यापर्यंत आलात. तुम्ही कधी येत नव्हतात.

"ह्या खेपेला जाशीन तर डबा आण."

"नाय काकू. मरतील."

"तू आला तवा तुलेबी वाटे, तू मरशीन."

गाडी आली. मी चढलो.  आपलं शेवटचं बोलणं ते.

तर मी भातकुलीला उतरलो आणि मासोळ्या मेल्या म्हणूनच धरून घरात गेलो. महाराज ओसरीवर होते. डोकं नुकतंच भादरलेलं, एकदम लहान दिसत होते. आत दोन बाया तांदूळ निवडायला बसल्या होत्या, त्यातली एक मला ऐकू जाईल असं म्हणाली की सवाष्ण गेली, भाग्याची. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, मेल्यावर ते कायले लागते.

पेटीवर गोधडी होती. मी ती उचलली. सगळ्या होत्या. एक मादी पोटुशी, रोवळीत. पाणी स्वच्छ. पेटीच्या कडेवर सुकटीचा डबा, झाकण नीट लावलेलं.

मी महाराजांकडे पाहिलं. ते अंगणाकडे पाहत म्हणाले, "त्याईले काय सुतक."

"तुम्ही घातलं? सुकट?"

"मंग काय वरणभात घालू?" मग म्हणाले, "ती चिमूट कशी धरे ते म्या इतके वर्षं पाह्यलं हाय."

मी पायरीवर बसलो, माझ्या जुन्या जागेवर. ते म्हणाले, वर बस. मी वर बसलो. त्यांनी मग सांगितलं की ते अकोल्याला पुतण्याकडे जाणार, घराला कुलूप लागणार. पुतण्याचं घर वरच्या मजल्यावर, पाणी नळाचं. लोक म्हणतात मासोळ्या अंगणातल्या विहिरीत सोडा, पाणी तेच आहे. त्यांनी विहिरीवरची फळीसुद्धा काढून ठेवली होती.

मी त्या घरात महाराजांना कधी नाही म्हटलं नव्हतं. 

"विहिरीत नको, महाराज."

"काहून?"

"विहिरीत त्यांना रोवळी कोण टांगणार?"

त्यांनी काढून ठेवलेल्या फळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिचंच बोलून राह्यला तू. तिले वाटे, मायले कळते अन् तरी खाते. तुले वाटे, मायले कळत नाई."

"अजून तसंच वाटतं. पण रोवळी लागते."

"मंग घेऊन जा. रोवईबी ने. अन् ते समुद्राचंही पाहून घे एकदा. ती म्हणे जगतीन, तू म्हणे मरतीन. दोघाईनं माया कानाची साल काढली."

बाळापूरला माझ्या खोलीत नळाचं गोडं पाणी. म्हणून मी तेलाचे दोन रिकामे डबे सोड्यानं धुतले आणि तुमच्या विहिरीचं पाणी भरून घेतलं. महाराजांनी पोहरा स्वतः ओढला. बरणीत मासोळ्या, काखेत रोवळी, आणि फाट्यावर दोन डबे. कंडक्टर म्हणाला, "काय हाय डब्यात?"

"पाणी."

"कुठलं?"

"भातकुलीचं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "भातकुलीचं पाणी भायेर कोण नेते बाप्पा?" सगळी गाडी हसली. मीही थोडा हसलो. पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळून बरणी पाहत बसली, ती थेट अकोल्यापर्यंत. डबे सांडतील म्हणून मी दोन्ही पायांत धरून बसलो होतो, आणि बोरगावच्या आसपास माझ्या ध्यानात आलं की खारं पाणी डब्यात भरून गाडीनं नेता येतं. आता ते मी करतच होतो.

पेटी मागून त्या ट्रकवाल्यानं आणून दिली, ती आता माझ्या खिडकीपाशी स्टुलावर आहे. गोधडी माझीच, मी पांघरायला पोतं घेतो. मादी काल व्याली. पिल्लं रोवळीखाली उतरली आहेत आणि ती फटीला तोंड लावून पाहते आहे. मी तिला तुमच्यासारखं बोलू शकत नाही. नुसता बसतो. काल त्यातली दोन पिल्लं तळाशी स्वस्थ दिसली, तेव्हापासून मी तीनदा जिनातून येऊन पाहून गेलो. ती नुसती निजली होती.

काकू, होळीनंतर मी घरी जाईन. पावसातलं पाणी कामाचं नाही. तेव्हा समुद्र गढूळ असतो आणि त्यात नद्यांचं गोडं मिसळलेलं असतं. नारळीपौर्णिमा होऊन पाणी निवळलं की भरतीच्या वेळी, खडकाच्या बाहेरच्या बाजूला कमरेइतक्या पाण्यात उभा राहून डबा भरीन. दसऱ्याला परत येताना तो सबंध रस्ता पायांत धरून आणीन. मोठ्यांना हात लावणार नाही, त्या तुमच्याच पाण्यात राहतील. ही जी पिल्लं काल झाली, त्यांना पोरं झाली की त्यांतली काही वेगळ्या बरणीत घेईन, आणि गिलास गिलास घालीन, तुम्ही सांगितलं होतं तसं. आज एक, उद्या एक.

ती मरतील अशी मला अजून भीती आहे. पण या भांडणात मला हरायचं आहे. जगली तर अकोल्याला जाऊन महाराजांना बरणी दाखवीन, आणि तुमच्या विहिरीपाशी येऊन मोठ्यानं सांगेन, कोणी हसलं तरी.

तुमचं माझ्याकडे जे राहिलं आहे ते असं फिटेल की नाही, ठाऊक नाही. या दसऱ्याला जमलं नाही तर पुढच्या दसऱ्याला, पण डबा आणीन. आणि पहिला गिलास ओतण्याआधी बरणीत वाकून म्हणेन, बाई वं, चार दिवस चालवून घे.